मडी वॉटर्स आणि ती ‘नऊ वर्षांची वाट’

१९६८च्या ‘इलेक्ट्रिक मड’ या अल्बमवर टीका झाली, मग अमेरिकन गायक-गिटारवादक मडी वॉटर्स पारंपरिक ब्लूजपासून (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकसंगीतापासून) दुरावला आणि १९७७मध्ये गिटारवादक जॉनी विंटरने निर्माता म्हणून ‘हार्ड अगेन’ हा अल्बम करून त्याला परत आणलं, अशी एक गोष्ट फिरते आहे. ऐकायला छान आहे, पण खरी नाही.

मडी परतला तो पुढच्याच वर्षी. १९६९च्या ‘फादर्स अँड सन्स’ या अल्बममध्ये पियानोवर त्याचा जुना साथीदार ओटिस स्पॅन आहे आणि मायकेल ब्लूमफील्ड, पॉल बटरफील्ड ही तरुण मंडळी त्याच्याच शिकागो घराण्याचं (हो, घराणंच म्हणायचं!) वाजवताहेत. ‘हार्ड अगेन’च्या आधी त्याला ग्रॅमीही मिळाल्या होत्या.

विंटरचं श्रेय कमी नाही. जेम्स कॉटनच्या हार्मोनिकासकट मडीचा जुना, दणकट आवाज त्याने नीट पकडला. पण ती रेकॉर्ड ‘अकूस्टिक’ असल्याचंही काही जण लिहितात, ते चूकच. गिटार बहुतेक विजेचीच आहे. मुळात मडीची परंपरा म्हणजे मिसिसिपीचं गाणं शिकागोत अँप्लिफायरला जोडणं. ‘इलेक्ट्रिक मड’मध्ये वेगळं होतं ते सायकेडेलिक रॉकचं (गुंगीत असल्यासारख्या, चित्रविचित्र ध्वनींच्या रॉकचं) वळण.