रेझ्युमेतला माणूस

नागपुरात मार्च लागला की दोन गोष्टी सुरू होतात. घराघरांतले कूलर माळ्यावरून खाली उतरतात, आणि एमबीएच्या ज्या पोरांना अजून नोकरी लागलेली नाही त्यांच्यावर प्लेसमेंट सेलचं प्रेम उफाळून येतं. यंदा दोन्हींचा तडाखा मलाच बसला. आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मी उरलेल्यांत आहे.

'उरलेले' हा शब्द आमचा आम्हीच पाडला. सेलच्या एक्सेलमध्ये आम्हाला 'अनप्लेस्ड' म्हणतात आणि आमच्या ओळी पिवळ्या असतात. हुशार पोरं जानेवारीपर्यंत बँकांत नि कन्सल्टन्सीत गेली. प्रत्येकानं संत्रा बर्फी वाटली. माझं वजन त्या दोन महिन्यांत तीन किलोनं वाढलं, रेझ्युमे मात्र होता तेवढाच राहिला.

तो वाढवायचं प्लेसमेंट सेलच्या मॅडमनं मनावर घेतलं.

"वर्क एक्स्पीरियन्स?"

"काही नाही मॅडम. उन्हाळ्यात बाबांच्या दुकानात बसतो."

"बसून काय करतोस?"

"कूलरच्या बाजूच्या ताट्यांत वूडवूल, म्हणजे लाकडाचा भुसा-गवतासारखा कीस भरतो, पंप बदलतो, उधारी मागायला जातो."

मॅडमचे डोळे चमकले. दहा मिनिटांत मी शीतकरण क्षेत्रात सप्लाय चेन हाताळलेला आणि थकीत येणी वसूल करून खेळतं भांडवल सुधारलेला माणूस झालो. "आकडा हवा," त्या म्हणाल्या. "वसुली किती टक्क्यांनी वाढली?" माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीतले काका आले, 2019 पासून सातशे रुपये न देणारे. मी गप्प राहिलो. मॅडमनी 18 टक्के लिहिलं.

त्यांचाही दोष नाही म्हणा. मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी एटीएस नावाचं सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदावर सापडतात का, ते पाहतं. दोन रकाने, चौकटी, फोटो असले की बऱ्याचदा त्याचा गोंधळ उडतो. तेव्हा आधी मशीनला पटवायचं, मग माणसाला. आमच्याकडे लग्नं अशीच जुळतात, आधी पत्रिका मग पोरगी, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

रात्री बाबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

"हे कोन आहे बे?"

"मी, बाबा."

"मंग उद्यापासून यालेच पाठव दुकानात. तू घरी राह्य."

पुढची पायरी मॉक इंटरव्ह्यू. तिथं स्टार पद्धतीनं बोलायचं असतं : सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. प्रश्न आला, संकटात निर्णय घेतल्याचा प्रसंग सांगा. मी सांगितला. सिच्युएशन : मे महिना, पारा 46, रात्री अकराला एक गृहस्थ जळालेला पंप हातात घेऊन दारात. टास्क : घरात म्हातारी आई, कूलर आत्ताच चालू व्हायला पाहिजे. ॲक्शन : मी बाबांना उठवलं. रिझल्ट : बाबांनी पंप बसवला.

"यात तू कुठे आहेस?" मॅडमनी विचारलं.

"मी टॉर्च धरला होता."

ग्रुप डिस्कशनचं तर नावच घेऊ नये. विषय दिला 'शून्य'. नुसता शून्य! आठ पोरं एकदम ओरडायला लागली, त्यात सहा आर्यभटावर. आमचा एक दोस्त उठला आणि आपल्या नागपुरातल्या झिरो माईलवर बोलला. तो खांब, ते चार घोडे, तिथली ट्रॅफिक, ट्रॅफिकमुळे आज त्याला झालेला उशीर. त्या दिवशी खरं बोललेला तो एकटाच, पण त्याला 'विषयांतर' म्हणून दहापैकी दोन मिळाले.

मला मनापासून आवडलेला तास एकच, सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण किती खर्च करते त्याचा. फळ्यावर 6 लाखांचं पॅकेज मांडलं. त्यातले 60 हजार व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर मिळाले. बेसिक 2 लाख 40 हजार, त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 28,800, तोही आपल्याच पॅकेजातून. तेवढाच पीएफ पुन्हा आपल्या पगारातून. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, ती मोजायची आज आणि हातात पडायची पाच वर्षं टिकलात तर. महिन्याला हातात उरले 39 हजार. 50 हजारांचं स्वप्न पाहणारा अख्खा वर्ग हळहळला. घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्यापेक्षा बेकार उधारी आहे बापा ही."

मग नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतली एक कंपनी आली. आम्हा तिघांत ब्लेझर एकच, सीताबर्डीत घेतलेला. माझा नंबर दुसरा, म्हणजे पहिल्याच्या घामासकट. आत हॉलमध्ये कूलर भर्रकन चालू होता आणि माझा टाय दर दोन मिनिटांनी खांद्यावर जाऊन बसत होता.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"

पाठ केलेलं उत्तर होतं. नेतृत्व वगैरे. पण पाच वर्षं म्हटल्याबरोबर डोक्यात फळाच आला आणि तोंडून निघालं, "इथंच सर. ग्रॅच्युइटीसाठी."

शांतता. नुसता कूलरचा आवाज. साहेबांनी पेन खाली ठेवलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "या कूलरचा असा वास का येतो हो?"

माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं. "मागच्या वर्षीच्याच ताट्या आहेत सर. टाकीही धुतली नसेल. वूडवूल सडतं." उठून मागची ताटी काढून दाखवली. ब्लेझरच्या बाहीला शेवाळ लागलं, तिसऱ्याला काय सांगायचं ते तेव्हा सुचलं नाही.

"आमच्या घरच्याचाही असाच येतो," साहेब म्हणाले. बदलून नवेच आलेत, मनीषनगरला भाड्यानं राहतात. पत्ता लिहून दिला. रविवारी सकाळी दहा.

नोकरीचं अजून काही कळलेलं नाही. एक्सेलमध्ये माझी ओळ पिवळीच आहे. काल रात्री बाबांना म्हटलं, रविवारी मनीषनगरला जायचंय, एक पंप आणि तीन ताट्या. बाबा हिशेबाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "त्या रेझ्युमेवाल्याले पाठव. वसुली चांगली हाये त्याची."