‘डिग्री नाही तर अर्ज करू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला

निकालाचे दिवस आले की बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. डिग्री पूर्ण नसेल तर सरकारी नोकरी विसरा. जाहिरातीत ‘पदवीधर’ लिहिलंय तिथं अर्ज करून वेळ घालवू नका. अर्धवट कॉलेज बायोडाटात दाखवू नका, आणि दाखवायचंच तर सरळ ‘बी.कॉम.’ लिहा, कोण तपासतंय! माझे बी.कॉम.चे दोन विषय अजून राहिलेत आणि 2017 पासून मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचे, हिशेब बघतो. तेव्हा हे उत्तर मीच लिहिलेलं बरं.

सरकारी नोकरीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. बँकेच्या क्लार्कला किंवा एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, सीजीएल परीक्षेला पदवी लागते, तीही ठरलेल्या तारखेपर्यंत हातात. बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, असतील तर तिथं दार बंद. पण त्याच आयोगाची एमटीएस (शिपाई वगैरे पदं) दहावीवर आहे, सीएचएसएल (कारकुनी पदं) बारावीवर, म्हणजे आपल्या सेकंड पीयूसीवर. एमटीएसचा पेपर मराठीतूनही देता येतो. सैन्यातल्या अग्निवीर जनरल ड्युटीलाही दहावीच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावात हे मी वेगळं काय सांगणार?

आणि पोस्टाची ग्रामीण डाक सेवक भरती! परीक्षा नाही, मुलाखत नाही, दहावीच्या मार्कांवर यादी लागते. गणित आणि इंग्रजीत पास हवं, सायकल चालवता यायला हवी, आणि त्या भागातली भाषा दहावीपर्यंत शिकलेली हवी. ही शेवटची अट वाचून खानापूर-निपाणीकडची मराठी शाळेतली पोरं माघार घेतात. अरे, तुमच्या मार्क्स कार्डावर मराठीही आहे आणि कन्नडही आहे. कर्नाटकात अर्ज करा, नाहीतर पलीकडे कोल्हापूरकडे करा. ज्या कन्नडच्या पेपरला आपण शाळेत कुरकुरलो, तो इथं कामाला येतो. भरतीच्या एका फेरीत एकच टपाल विभाग निवडता येतो, एवढं मात्र बघून ठेवा. पगार थोडा आहे, शाखा पोस्टमास्तरला 12,000 पासून आणि वर महागाई भत्ता. तरी काम गावाकडचं आहे.

आता खाजगी. छोट्या कारखान्यात ‘एनी ग्रॅज्युएट’ कोण लिहितं, हे मी आतून पाहिलंय. मालक म्हणतो, माणूस पाहिजे, जाहिरात टाक. मग मागच्या वेळची जाहिरात काढून तारीख बदलली जाते. मी गेलो तेव्हा जुलैत जीएसटी लागू झालेला, बिलांचा ढीग टेबलावर. मालकांनी कॉलेज विचारलंच नाही, विचारलं ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, टॅलीचं. “टॅली येतंय काय रे? मग ही बिलं मार बघू.” तासाभरात चाळीस बिलं मारली, त्यातलं एक चुकलं, ते माझं मीच दाखवलं. सोमवारपासून ये म्हणाले.

मोठ्या कंपन्यांच्या ऑनलाइन फॉर्मात ‘पदवी नाही’वर टिक केली की पुढचं पान उघडत नाही, हेही खरं. तिथं माझी दहा मिनिटं गेली.

अर्धवट कॉलेज लपवलं, तर बायोडाटात तीन वर्षांचं भगदाड पडतं आणि समोरचा नाही नाही ते मनात आणतो. मी लिहिलं होतं: ‘बी.कॉम., पाच सेमिस्टर उत्तीर्ण, सहाव्यातले दोन विषय बाकी.’ त्याखाली टॅली, मग भाषा: मराठी, कन्नड, हिंदी, कामापुरती इंग्रजी. आमच्याकडे माल घेणारे कोल्हापूरचे, ट्रान्सपोर्टवाले हुबळीचे. भाषांच्या त्या ओळीवर मालकांनी पेनानं खूण केली होती.

राहिलं ‘कोण तपासतंय’. आमच्याच ऑफिसात एकानं बीबीए लिहिलं होतं. पोरगा हुशार, स्टोअर नीट सांभाळत होता. तीन महिन्यांनी कायम करायची वेळ आली तेव्हा फाईलसाठी शेवटच्या वर्षाचं मार्क्स कार्ड मागितलं. आज देतो, उद्या देतो करत दोन आठवडे गेले, मग तो यायचाच बंद झाला. त्याच्या जागी पुढं जो घेतला, तो पीयूसीच शिकलेला होता.