सहा पॉइंटातला फोन नंबर

गेल्या आठवड्यात नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर आणि कागदाचे गठ्ठे) एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली होती. नुकतीच स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आहे. गुडघ्याचं नाहीतर खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. तिला व्हिजिटिंग कार्ड हवं होतं, 'एकदम प्रीमियम'. नमुना म्हणून कुणाचं तरी कार्ड पर्समध्ये जपून आणलेलं. काळं कुळकुळीत, हाताला मऊ लागणारं वेल्व्हेट लॅमिनेशन, वर सोनेरी फॉइल. नाव मधोमध, बारीक. नंबर खाली कोपऱ्यात, त्याहून बारीक.

त्या दिवशी बँकेचं काम उरकून आई माझ्याकडेच येऊन बसली होती. वय ७९. मी ते कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, नंबर वाच. तिनं ते लांब धरलं, जवळ आणलं, खिडकीकडे वळून तिरकं केलं. तिरकं केलं की फॉइल चमकायचं आणि आकडे त्या चमकेत गडप व्हायचे. शेवटी म्हणाली, "सोनं दिसतंय गं. नंबर काही दिसत नाही."

मुलगी हसली, मग गप्प झाली. तिचे जवळजवळ सगळे पेशंट आईच्या वयाचे आहेत.

कार्डातून आमची व्हॅल्यूज दिसली पाहिजेत, असं हल्ली बरेच जण सांगतात. खोदून विचारलं की कळतं, कार्ड महाग दिसायला हवं असतं. किंवा नावाखाली 'विश्वास, गुणवत्ता, बांधिलकी' असं छापून हवं असतं. अहो, 'मी प्रामाणिक आहे' असं स्वतःच सांगत येणाऱ्या माणसाला आपण घरात घेतो का? माझं मत विचाराल तर मूल्यं दिसतात ती कार्ड ज्याच्या हातात जाणार त्याचा विचार केलाय की नाही, यात. सहा पॉइंटाचं अक्षर म्हणजे मात्रा-उकारांच्या जागेसकट जेमतेम २ मिलिमीटर. त्यातही देवनागरी त्याच पॉइंटात इंग्रजीपेक्षा बारीक दिसते, कारण वरखाली वेलांट्या-उकारांना जागा सोडावी लागते. त्यावर फॉइल मारलं की मात्रा बुजतात. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या मुलीचं कार्ड ज्येष्ठांनाच वाचता येत नसेल, तर ३५० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, कागद घेऊन काय करायचंय?

बाबांचा सदाशिव पेठेत छापखाना होता. ट्रेडल म्हणजे छपाईचं छोटं मशीन, लाकडी खणांच्या केसेस, अक्षरांचे शिशाचे खिळे. त्यांच्याकडे देवनागरीचे दोनच टाइप होते, त्यामुळे गिऱ्हाइकाला 'अजून दहा ऑप्शन दाखवा' म्हणायची सोयच नव्हती. म्हणून ती कार्डं फार सुंदर असायची असं नाही हं. कितीतरी वेळा शाई पसरायची. पण एक शिस्त होती. नंबर छापायच्या आधी बाबा तो मोठ्याने वाचायचे, दोन-दोन आकडे करून, आणि गिऱ्हाइकाला त्याच्या डायरीतून ताडून बघायला लावायचे.

ही शिस्त मी एकदा मोडली. कसब्यातल्या एका आचारीकाकांची १००० कार्डं छापली आणि नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले. चूक सर्वस्वी माझी. प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांचा अंगठा आला, मी छापायला सोडलं. पुन्हा स्वखर्चानं छापून दिली आणि जुना गठ्ठा रद्दीत टाका म्हटलं. दोन महिन्यांनी एका मुंजीत भेटले, तर शर्टाच्या खिशात तीच चुकीची कार्डं! मागच्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी: तूरडाळ इतकी, गूळ इतका. म्हणाले, "ताई, मागची बाजू कोरी सोडलीत ते बरं केलंत."

तेव्हापासून मी मागची बाजू भरायला सहसा तयार नसते. लॅमिनेशन केलं की त्यावर बॉलपेन उमटत नाही, म्हणून एका बाजूलाच करायचं आणि दुसरी तशीच ठेवायची. फिजिओथेरपिस्ट मुलीला पुढच्या भेटीची तारीख लिहायला तीच बाजू उपयोगी पडणार आहे. आचारीकाकांच्या नव्या कार्डाची पुढची बाजू मात्र मी मुद्दाम ग्लॉसी ठेवली, हळदीच्या हातांचे डाग फडक्यानं पुसता यावेत म्हणून. मॅटवर डाग पडला की बसला.

एका आर्किटेक्टची गंमत वेगळी. 'ग्रीन आर्किटेक्चर' असं नावाखाली हवं, आणि दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशनही हवं. म्हटलं, अहो, लॅमिनेशन म्हणजे प्लास्टिकचीच फिल्म. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद दाखवला. १९४० पासून पुण्यात हे काम चालू आहे, झाडं न तोडता सुती चिंध्यांपासून कागद करतात. त्यावर बारीक अक्षर जरा फुटतं, म्हणून मजकूर कमी करावा लागला. तिथे ईमेलचे दोन पत्ते गेले आणि कार्ड सुधारलं.

वकील आणि डॉक्टरांच्या बाबतीत तर मूल्यांचा प्रश्न आवडीनिवडीवर सोडलेलाच नाही. मध्यंतरी एका तरुण वकिलांना कार्डावर 'फौजदारी प्रकरणांचे तज्ज्ञ' असं हवं होतं, शिवाय कुठल्याशा संघटनेचं पद. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ वा नियम पाटीपुरताच नाही, स्टेशनरीलाही लागू आहे: विशिष्ट प्रकारच्या कामातला तज्ज्ञ असल्याचं लिहायचं नाही, एखाद्या संस्थेशी संबंध असल्याचं लिहायचं नाही, पूर्वी न्यायाधीश होतो हेसुद्धा नाही. डॉक्टरांनाही २००२ च्या नियमावलीनुसार नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या, पदविका आणि व्यावसायिक ज्ञान दाखवणारी सदस्यत्वं किंवा सन्मान एवढंच लावता येतं. वकीलसाहेब थोडे खट्टू झाले. पण फक्त नाव, ॲडव्होकेट, पत्ता आणि नंबर असलेलं कार्ड किती भारदस्त दिसतं, ते छापून आल्यावर त्यांनाही पटलं.

त्याच कार्डात एक घोळ होता होता वाचला. त्यांच्या लाडक्या जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' नव्हताच, त्यामुळे नावाआधी 'ॲड.'ऐवजी रिकामी चौकट आणि 'ड.' आलं होतं. स्क्रीनवर मी तीनदा पाहिलं आणि तीनदा सुटलं, कागदावर काढल्यावर दिसलं. मराठी मजकूर कागदावर काढून वाचल्याशिवाय छापायला सोडू नका, कृपा करून. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा, रजिस्टर म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी जरा हललं की अक्षराला रंगीत सावली देतो. आणि क्यूआर कोड टाकायचाच तर भोवती पांढरी जागा सोडा, आणि फुकट सेवेतला तात्पुरता कोड नको. ती सेवा बंद पडली की कार्डावर नुसती रांगोळी उरते.

फिजिओथेरपिस्ट मुलीची कार्डं परवा छापून आली. पांढरा कागद, काळी अक्षरं, नाव मराठीत, नंबर चौदा पॉइंटात. "ताई, थोडंसं सोनं कुठेतरी?" असं दोनदा विचारून झालं होतं, म्हणून नावाखाली एक बारीक सोनेरी रेघ दिलीय. हौस असते, माणसानं इतकंही कडक असू नये.

आईनं एक कार्ड मागून घेतलं. हातभर लांब धरून नंबर मोठ्यानं वाचला, दोन-दोन आकडे करून, अगदी बाबांसारखा. शेवटचा आकडा चुकला! माझ्या पोटात गोळा आला, धावत जाऊन प्रूफ काढलं. नंबर बरोबर होता. आई लांबचा चष्मा लावून बसली होती.