दिंडोरीच्या आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार आजोबा,

बाळाचं वृषण खालच्या पिशवीत (वृषणकोशात) उतरलं नसेल तर ‘दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करा’ असं लिहून मी आईबापांना घाबरवतो, तुमच्या पुतण्याचं वृषण सातव्या वर्षी आपोआप खाली आलं, आणि सोनोग्राफीशिवाय निदान म्हणजे नुसता अंदाज, असं तुम्ही लिहिलंत. नातवाची काळजी त्यात दिसते, म्हणून सविस्तर लिहितो.

पुतण्याचं वृषण बहुधा अडकलेलं नव्हतंच. त्या वयात ते वर ओढणारा स्नायू फार तल्लख असतो. थंडीत, भीतीनं ते जांघेत चढतं. झोपेत किंवा गरम पाण्यानं आंघोळ घालताना पिशवीत दिसतं. अशा मुलांना ऑपरेशन लागत नाही. वर्षातून एकदा दाखवावं मात्र, कारण त्यातली काही पुढे वरच राहतात.

नातवाचं अकराव्या महिन्यापर्यंत एकदाही खाली दिसलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. ही गोष्ट वेगळी. पूर्ण दिवसांच्या 100 मुलांत साधारण 3 जणांचं जन्मतः वर असतं. बहुतेकांचं पहिल्या 3-4 महिन्यांत उतरतं, 6 महिन्यांनंतर क्वचितच. पोटातली आणि जांघेतली ऊब वृषणाला मानवत नाही. पुढे शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशी वर्षाच्या आसपासच कमी व्हायला लागतात. घाई आहे ती यासाठी. पुढे कर्करोगाचा धोकाही थोडा जास्त राहतो, वेळेवर ऑपरेशन केल्यानं तो कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

सोनोग्राफीचं म्हणाल तर, वृषण हाताला लागत असेल तर ती नवं काही सांगत नाही. लागत नसेल तर पोटातलं वृषण ती दाखवेलच असं नाही. रिपोर्टात ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं नव्हे. तिथे दुर्बिणीनंच पाहावं लागतं. खरी तपासणी हातांची, आणि तीही ऊबदार हातांची! नाशकातल्या डिसेंबरच्या सकाळी गार बोटं लागली तर चांगलं उतरलेलं वृषणही वर पळतं.

भुलेची भीती मला कळते. हर्नियासाठी तासाभराहून कमी भूल दिलेल्या तान्ह्या बाळांचा पाच वर्षांचा पाठपुरावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. जांघेतल्या वृषणाचं ऑपरेशनही साधारण तेवढ्याच वेळाचं, बहुतेक मुलं संध्याकाळी घरी जातात. फक्त लहान मुलांचे सर्जन आणि लहान बाळांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर हवेत, हा आग्रह मात्र धरा.

द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर ऑपरेशन करू म्हणता, तेवढं थांबता येईल. तपासणी आत्ताच करून घ्या. मधेच जांघेत फुगा आला, बाळ कळवळून रडायला लागलं किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.