बोका की मांजर? एका प्रतिक्रियेला उत्तर

बाई, नमस्कार.

नुकतं वाचू लागलेल्या मुलांच्या चित्रपुस्तकांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही ते तुम्ही नीट लिहिलंत, याबद्दल आभार. तुम्ही तीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलात. म्हणून घाईने उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बाईंनी माझ्या यादीतलं एक पुस्तक नातवाला दिलं. चित्रात बोका, खाली ‘बोका’ असं छापलेलं, आणि नातवाने वाचलं ‘मांजर’. बाईंचं म्हणणं असं, की चित्रं मुलांना अंदाज करायला शिकवतात, वाचायला नाही. आधी अक्षरं पक्की व्हावीत, मग काना-मात्रा, जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी, आणि पुस्तक त्यानंतर. शिवाय सोळा पानांना एवढी किंमत मोजायची कुणी?

नातवाने अक्षरांकडे पाहिलंच नाही, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्याला पाहायची गरज का पडली नाही? कारण त्या पानावर चित्र आणि शब्द एकच गोष्ट सांगत होते. तो खरं तर भिंतीवरचा तक्ता आहे, पुस्तकासारखा बांधलेला. उत्तर वर दिसत असताना कोणतंही मूल खाली कशाला बघेल? ते पुस्तक मी यादीत घालायला नको होतं. ती निवड चुकली.

दोष चित्र असण्यात नाही, चित्राने सगळं सांगून टाकण्यात आहे. समजा हरवलेला बोका शोधण्याची गोष्ट आहे आणि एका पानावर फक्त ‘दारामागे? नाही.’ एवढंच छापलंय. चित्रात दारामागे केरसुणी आहे, आणि कपाटावरून बोक्याची शेपटी लोंबतेय. आता चित्रावरून अंदाज करणारं मूल ‘कपाट’ म्हणेल, फार तर ‘शेपटी’ म्हणेल, आणि अडेल. ‘दारामागे’ कळायचं तर त्याला द-र-म-ग यांच्याकडे जावंच लागतं. आणि एकदा ते वाचलं, की पुस्तक भलत्याच जागी शोधतंय आणि आपल्याला मात्र बोका दिसतोय, हा आनंद त्याचा एकट्याचा असतो. त्या आनंदासाठी मुलं पुढचं पान उलटतात. मी दर शनिवारी आमच्या वाचनालयात सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर बसते, तिथे हे मी किती वेळा पाहिलंय!

चित्राची एक मदत मात्र मला हवीच आहे. ‘चार चाकं’ घ्या. दोन्हीकडे ‘चा’ एकसारखा छापलेला, म्हणायचा मात्र वेगळा. आपली लिपी बहुतेक ठिकाणी सरळ आहे, पण च, ज, झ यांचे दोन उच्चार ती दाखवत नाही. मूल अक्षरं जुळवून ‘चाकं’ चुकीच्या ‘च’ने म्हणतं, गाडीच्या चित्राकडे बघतं आणि आपणच सुधारतं. आधी अक्षरं, मग चित्राकडून पडताळा, या क्रमाला अंदाज म्हणता येणार नाही.

आणि मूल ‘बोका’ला ‘मांजर’ म्हणालंच, तर मी लगेच चूक म्हणत नाही. ‘मांजर’मधलं पहिलं अक्षर कोणतं, ते इथे आहे का, एवढंच विचारते. बहुतेक मुलं तिथेच मागे फिरतात.

आता तुमच्या क्रमाबद्दल. काना-मात्रा नसलेले शब्द आधी, हे वर्गात सोयीचं वाटतं, पण त्यावर गोष्ट उभी राहत नाही. करून बघा. घर, बदक, गवत, नळ अशी नामं भरपूर मिळतात. क्रियापदं मिळतात ती आज्ञेची: बघ, बस, चल, पळ, धर. मी, तू, तो, ती यांतलं एकही नाही. ‘आहे’ नाही, ‘नाही’सुद्धा नाही. कुणी आलं, कुणी गेलं, हे सांगताच येत नाही. म्हणजे वाचायला शिकणाऱ्या मुलाला छापील मराठी पहिल्यांदा भेटते ती हुकूम सोडणारी! काना आणि दुसरी वेलांटी आली, की लगेच ‘आई आली’, ‘मामा पळाला’ म्हणता येतं. मात्रा आली, की ‘आहे’ आणि ‘गेला’. थोडी अक्षरं आणि त्यांच्याबरोबरच काही स्वरचिन्हं, असं गटागटाने शिकवणं आता अनेक शाळांत चालतं. सुरुवातीच्या मराठी वाचनावर फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अनेक वर्षं काम केलं. ज्यांना या विषयात खोलवर जायचंय, त्यांनी त्यांचं काम जरूर पाहावं.

जोडाक्षरांचं तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. रफार, क्ष, ज्ञ, त्र यांनी भरलेलं पान सहा वर्षांच्या मुलापुढे ठेवू नये. पण ‘म्हणाली’, ‘त्याने’, ‘पाण्यात’, ‘माझ्या’ यांचं काय करायचं? आपलं सामान्यरूपच जोडाक्षर घेऊन येतं. ‘पाणी’ सोपं, पण त्यात उतरलं की ‘पाण्यात’. हे शब्द मूल दिवसभर बोलत असतं. असा एखादा शब्द पानोपानी तोच येत असेल, तर तिसऱ्या पानाला मूल तो ओळखतं. दर पानावर नवं जोडाक्षर असेल, तर ते पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायचं. माझ्या लेखात मूल स्वतः वाचेल ती पुस्तकं आणि आपण वाचून दाखवायची पुस्तकं एकाच यादीत आली होती. त्यामुळे तुमची फसगत झाली, याचं मला वाईट वाटतं. आजच दोन याद्या वेगळ्या करते.

भाषांतरित पुस्तकं घेताना हेच जास्त सांभाळावं लागतं. इंग्रजीतला तीन अक्षरांचा ‘सन’ मराठीत ‘सूर्य’ होतो, थेट रफारावर जातो. मूळ भाषेतली पहिली पायरी मराठीत पहिली राहीलच असं नाही. मुखपृष्ठावरची पातळी बघून थांबू नका, मधली दोन पानं मोठ्याने वाचा.

अजून एक बारीक गोष्ट. आमच्याकडची एक मुलगी धडधड वाचत होती आणि ‘लाल’पाशी थांबली. हे अक्षर आम्हाला शिकवलं नाही, म्हणाली. पुस्तकात हिंदी वळणाचा, उजवीकडे उभी दांडी असलेला ल होता. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ल आणि श यांची मराठी वळणं ठरवून दिली, तरी संगणकावरच्या अनेक टंकांत (फॉन्टमध्ये) हिंदी वळणंच येतात. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. अक्षर नुकतं ओळखू लागलेल्या मुलासाठी मात्र ते वेगळंच अक्षर असतं. पहिल्या पुस्तकांत मी ल आणि श तपासूनच घेते.

किमतीची तक्रार योग्यच आहे. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं त्यामानाने स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून चार पातळ्यांची पुस्तकं फुकट वाचता येतात, मराठीतलीही. परवाना मुक्त असल्याने ती छापूनही घेता येतात. ल-श तिथेही बघाच.

आणि तुमच्या नातवासाठी एक सुचवते. दोन कोरे कागद एकात एक घालून दुमडले, की आठ पानांची वही होते. तुमचं अक्षर पहिलीच्या बाईंचं, म्हणजे कोणत्याही टंकापेक्षा चांगलं. पहिल्या पानावर ‘बोका कुठे?’ पुढे एकेका पानावर ‘खाटेखाली? नाही.’ ‘दारामागे? नाही.’ ‘टोपलीत? नाही.’ चित्रं नातवाला काढू द्या, फक्त शेपटी दर पानावर दुसरीकडे दिसली पाहिजे. यात एकही जोडाक्षर नाही, पहिली वेलांटीही नाही. शेवटच्या पानावर खुर्चीत शाल, शालीखाली उंचवटा, तुम्ही बसायला निघालेल्या, आणि खाली लिहा: ‘आजी, हळू बस!’

तो ते पान कसं वाचतो, तेवढं मला कळवा.