डावीकडे म्हणजे कुणीकडे?

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही बाराजण सायकली घेऊन पुण्यातल्या राजाराम पुलापाशी जमतो आणि एकामागे एक खडकवासल्याकडे सुटतो. रांगेत माझा नंबर अकरावा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जितकं चिकटवावं तितका वारा तो खातो आणि दम आपला वाचतो, हे शास्त्र मला पहिल्याच दिवशी पटलं. त्याची किंमत मात्र नंतर कळली. मला रस्ता दिसतच नाही. दिसते ती डॉक्टरांची पाठ आणि तिच्यावरच्या खिशातून डोकावणारी दोन केळी. गेल्या वर्षभरात सिंहगड रस्ता किती बदलला ते मला विचारू नका. केळ्यांचं विचारा.

तेव्हा रस्ता डोळ्यांनी नाही, कानांनी बघायचा. पुढचा ओरडतो, त्याच्या मागचा तेच ओरडतो, आणि असं करत करत खड्डा माझ्यापर्यंत येतो. निदान यावा अशी योजना आहे. प्रत्यक्षात धायरी फाट्याच्या गर्दीत पहिल्याने सोडलेला ‘खड्डा’ पाचव्यापाशी ‘अड्डा’ होतो, आठव्यापाशी ‘वडा’ होतो, आणि बारावे काका ब्रेक दाबून डावीकडच्या गाडीवर तेल तापलंय का ते बघतात.

आमच्या पुढे असतात सर. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. फुप्फुसं घोड्याची, पण वाक्य अर्धवट सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. “सावकाश रे, पुढे उजव्या बाजूला एक मोठा खड्डा आहे बरं का!” ऐकायला किती गोड. पण ताशी पंचवीसच्या वेगाने आपण सेकंदाला सात मीटर जातो. सरांच्या वाक्याला तीन सेकंद लागतात. म्हणजे ‘सावकाश’ला खड्डा एकवीस मीटरवर असतो आणि ‘बरं का’ला आपण त्यात असतो. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी. खड्डा ‘आहे’ की ‘होता’ की ‘बुजवला’, हे कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं.

त्यात सर स्पीड ब्रेकर म्हणत नाहीत. गतिरोधक म्हणतात. ते ‘गतिरो’पर्यंत पोचतात आणि ‘धक’ आमच्या हाडांतून येतं. (इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर दिली आहे, म्हणजे छान लांबट, पसरट टेकाड. आमच्या वाटेवरचे ज्याने घातले त्याने समोर म्हैस बसवून माप घेतलं असावं.)

तरी हे सगळं चाललं असतं. घोळ झाला तो ‘डावीकडे’ या शब्दाने.

किरकटवाडी फाट्याजवळ पुढून आवाज आला, “डावीकडेऽऽ!” बस, एवढाच. आता खड्डा डावीकडे आहे, की आपण डावीकडे व्हायचंय? बाराजणांपैकी सहाजण डावीकडे गेले, पाचजण उजवीकडे, आणि मी विचार करत राहिलो. डावीकडे ड्रेनेजची जाळी होती. तिच्या फटी नेमक्या रस्त्याच्या दिशेने. आमची टायरं 25 मिलिमीटरची, म्हणजे अंगठ्यापेक्षा थोडी जाड. माझं पुढचं चाक त्या फटीत असं अलगद बसलं की जाळी करणाऱ्याने ते मोजूनच घेतलं असावं. मी पुढे गेलो, सायकल नाही आली. डॉक्टरांनी धावत येऊन आधी खिसा चाचपला. केळी शाबूत होती. मग मला तपासलं.

मिसळ खाताना ठराव झाले. एक, ओरडायचं ते वस्तूचं नाव आणि मग बाजू. दोन, बाजू वस्तूची, आपली नव्हे. तीन, पूर्ण वाक्य बंद. सर दुखावले. म्हणाले, “भाषेचा असा सांगाडा करू नका रे.” आमच्यात एक आयटीवाला आहे. त्याने हातांच्या खुणा शिकवल्या: खड्ड्याकडे बोट, डावीकडे उभी गाडी असली की डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे झुलवायचा, खडी असली की तळवा खाली धरून हलवायचा, थांबायचं तर मूठ वर. सुंदर पद्धत. फक्त खड्डा दिसल्यावर हँडल दोन्ही हातांनी धरावंसं वाटतं आणि नेमका तेव्हाच एक हात सोडायचा असतो. काकांनी खडीची खूण केली ती मागून येणाऱ्या पीएमपीच्या बसला वाटलं आपल्याला जागा देतायत.

मला मात्र सवय जडली. परवा एका लग्नात पंगतीच्या मधून चालताना मी “पाणी, उजवीकडे!” असा ओरडलो. बायको थांबली, वाढपी थांबला, आणि उजव्या ओळीतल्या चौघांनी ग्लास पुढे केले.

गेल्या रविवारी सर गावाला गेले होते, म्हणून पहिला नंबर माझ्याकडे आला. वर्षात पहिल्यांदा समोर केळी नव्हती. घसा खाकरून तयारीत बसलो. धरण मागे पडलं, डोणज्यावरून पानशेतच्या वाटेला लागलो, आणि बघतो तर रस्ता नुकताच डांबरलेला. काळाभोर, सपाट, पापडासारखा. खड्डा नाही, खडी नाही, कुत्रंसुद्धा कडेला झोपलेलं. एक किलोमीटर गेला, दोन गेले. माझ्या तोंडून शब्द निघेना. मागे कुजबुज सुरू झाली. “काही बोलत का नाहीत?” “झोपले की काय?” “अहो, काहीतरी सांगा!”

शेवटी त्यांचा जीव भांड्यात पडावा म्हणून मी मान वळवून ओरडलो, “रस्ता चांगलाऽऽ!”

मागच्या दहाच्या दहा जणांनी करकचून ब्रेक दाबले. दोघं एकमेकांवर गेले. डॉक्टरांनी पाय टेकले, रस्त्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “कुठल्या बाजूला?”