आधी टॅग बघा, मग सर्व्हर निवडा!

नाशिकमध्ये कुणी घरच्या गाण्यांसाठी सर्व्हर लावायचा म्हटलं की वाद ठरलेला: नॅव्हिड्रोम, जेलीफिन की प्लेक्स? अहो, आधी फायलींचे टॅग (म्हणजे गाण्याच्या फायलीतच लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) उघडून बघा ना! नॅव्हिड्रोम अल्बम लावतं ते फोल्डर बघून नाही, टॅग वाचून. नाट्यगीतांच्या बारा गाण्यांच्या संग्रहात सात गायक असतील आणि 'अल्बम आर्टिस्ट' (अख्ख्या अल्बमच्या कलाकाराचा टॅग) रिकामा असेल, तर एका संग्रहाचे सात तुकडे होतात. मग शिव्या सॉफ्टवेअरला! दुसरं टाकलं तरी फायलींतले टॅग तेच राहतात.

एमपीथ्रीटॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर उघडा, बाराही गाणी निवडा, 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एकच नाव भरा, 'कंपायलेशन'ला (म्हणजे 'हा संग्रह आहे' या खुणेला) 1 द्या, सेव्ह करा, पुन्हा स्कॅन. दोन मिनिटांचं काम. नावंही एकाच पद्धतीने लिहा. 'भीमसेन जोशी' आणि 'पं. भीमसेन जोशी' हे सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे गायक आहेत. (आपल्याकडे हे फार होतं.)

दुसरा वैताग पोर्टचा. गंगापूर रोडवरून सातपूरला जाताना घरची गाणी ऐकायची म्हणून लोक राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडत बसतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये सुरू होत असेल, तर तो इंटरनेट कंपनीच्या आतला, सामायिक जाळ्यातला पत्ता आहे. बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. त्यापेक्षा सर्व्हरवर आणि फोनवर टेलस्केल टाका; ते दोघांना पोर्ट न उघडता खासगी जाळ्यात जोडतं. आणि पावसाळ्यात अचानक वीज गेली की मेमरी कार्डवरचा डेटा बिघडू शकतो; म्हणून सर्व्हर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असेल, तर त्याचा डेटाबेस कार्डवर ठेवू नका, एसएसडी लावा!